त्या बाईनं रात्री काय खाल्लं?

रविवारी मोठ्यांची उपासना सुरू झाली की आम्ही लहान मुलांना घेऊन चर्चच्या मागच्या खोलीत जातो. सतरंजी अंथरायची, चपला दाराबाहेर रांगेत काढायला सांगायच्या (त्या कधीच रांगेत नसतात), एक गाणं, प्रार्थना, मग गोष्ट. हल्ली सगळे याला संडेस्कूल म्हणतात; जुनी माणसं अजून शब्बाथशाळाच म्हणतात. माझ्याकडे पाच ते आठ वर्षांची मुलं आहेत. त्या दिवशी गरीब विधवेच्या दानाची गोष्ट होती. मंदिरात श्रीमंत लोक पुष्कळ पैसे टाकतायत, एक विधवा येते, दोन बारकी नाणी टाकते, आणि येशू शिष्यांना जवळ बोलावून सांगतो की हिनं सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं. बाकीच्यांनी उरल्यातलं दिलं, हिनं होतं तेवढं सगळं दिलं. मार्काच्या शुभवर्तमानात ही गोष्ट जेमतेम चार वचनांत संपते. मी ती चांगली वीस मिनिटं रंगवली आणि शेवटी नेहमीप्रमाणे विचारलं, "मग काय शिकलो आपण?"

"द्यायचं!" सगळे एका सुरात.

भिंतीला टेकून बसलेल्या एका सहा वर्षांच्या मुलीनं मात्र हात वर केला. "टीचर, मग त्या बाईनं रात्री काय खाल्लं?"

"देवानं दिलं असेल," म्हणून मी वेळ मारून नेली. तिनं मान हलवली, पण तिला ते पटलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नाही. तिचा प्रश्न मी घरी घेऊन आले आणि त्यानंतर 'दान' आणि 'देवाची वचनं' हे दोन धडे मुलांना कोणत्या क्रमानं शिकवावेत याबद्दलचं माझं मत बदललं.

आधी ती नाणी. मराठी पवित्र शास्त्रात त्यांना 'टोल्या' म्हटलंय, दोन टोल्या म्हणजे एक दमडी. दमडी हा शब्द मुलांनी निदान आजीच्या तोंडी ऐकलेला असतो; टोली कुणालाच माहीत नसते. मूळ ग्रीक शब्द आहे लेप्टॉन, म्हणजे बारीक, पातळ. त्या काळी यहूदियात चालणारं हे सगळ्यांत हलकं नाणं. राजा अलेक्झांडर यन्नेयस यानं इ.स.पू. १०३ ते ७६ या आपल्या राजवटीत पाडलेली अशी नाणी पुढे येशूच्या काळातही हातोहात फिरत होती: एका बाजूला जहाजाचा नांगर, दुसऱ्या बाजूला चांदणी, वजन ग्रॅम-दीड ग्रॅमच्या आसपास. दोन लेप्टॉनचं एक रोमन क्वाड्रन्स, चौसष्ट क्वाड्रन्सचा एक दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. आज रोज पाचशे रुपये धरला, तर त्या बाईच्या दोन नाण्यांचे आठ रुपयेही भरत नाहीत. एक वडापावही येणार नाही. हा हिशेब मुलांना लगेच कळतो.

पेट्यांचं वर्णनही मजेदार आहे. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी ग्रंथात म्हटलंय की मंदिरात तेरा दानपेट्या होत्या आणि त्यांचा आकार शिंगासारखा होता, वर अरुंद, खाली रुंद. कुठली पेटी कशासाठी, तेही ठरलेलं: एक सरपणासाठी, एक धूपासाठी, सहा स्वखुशीच्या दानासाठी. आम्ही पुठ्ठ्याचा शंकू गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर चिकटवला. आधी दहाची मूठभर नाणी ओतली तेव्हा पत्रा खणखणला. मग एकच रुपया टाकला. टिंग. मुलं हसली. नंतर प्रत्येकाला तो एकच रुपया टाकून बघायचा होता, त्यामुळे पुढची दहा मिनिटं त्यातच गेली.

आता रात्रीच्या जेवणाकडे येऊ. गोष्ट वाचताना आपण तिच्या अलीकडची आणि पलीकडची वचनं गाळतो. अलीकडे येशू शास्त्र्यांबद्दल सावध करतोय: लांब झगे घालून मिरवतात, लांबलचक प्रार्थना करतात आणि विधवांची घरं गिळतात. पुढच्याच अध्यायात तो म्हणतो की या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही. म्हणजे विधवांची घरं गिळणाऱ्यांची गोष्ट, मग जवळचं सगळं देऊन बसलेली विधवा, मग त्या मंदिराचा नाश. अ‍ॅडिसन राइट या अभ्यासकानं १९८२ साली एका लेखात नेमकं इथेच बोट ठेवलं: येशू हे कौतुकानं बोलतोय की विषादानं? चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीच्या शेवटी येशू 'तूही जाऊन तसंच कर' असं स्पष्ट सांगतो. इथे तसं काहीही सांगत नाही.

राइटचं म्हणणं मी पूर्णपणे स्वीकारत नाही. त्या बाईच्या देण्यात जे मोठेपण आहे ते येशूला दिसलं, आणि इतरांना दिसावं म्हणून त्यानं शिष्यांना हाक मारली, एवढं तर उघड आहे. पण ज्या मुलांच्या घरी महिनाअखेरीस डब्यात काय उरलंय हे आईला मोजावं लागतं, त्यांना 'तिच्यासारखे व्हा' एवढंच सांगून सोडायचं, हे मला आता जमत नाही.

कारण त्याच शास्त्रात तिच्या जेवणाची सोय आधीच करून ठेवलेली होती. 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात नियम आहे: शेत कापताना एखादी पेंढी मागे राहिली तर परत फिरून आणू नका; जैतून झोडल्यावर फांद्या पुन्हा तपासू नका; द्राक्षमळ्यातलं राहिलेलं वेचू नका. ते परक्याचं, अनाथाचं आणि विधवेचं. दर तिसऱ्या वर्षीचा दशांशही गावातच साठवायचा, म्हणजे लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी यावं आणि पोटभर खावं. म्हणजे त्या दानाच्या व्यवस्थेत विधवेचं नाव घेणाऱ्यांच्या यादीत होतं. ती पेटीजवळ रिकाम्या हातानं आली असती आणि काही घेऊन गेली असती, तरी नियमाप्रमाणे बरोबरच झालं असतं.

मराठीत या मागे राहिलेल्या धान्यासाठी सुंदर शब्द आहे, सरवा. बायबलमधली परदेशी विधवा रूथ बवाजाच्या शेतात जे वेचते तो सरवाच. ज्यांच्या घरी शेती आहे त्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. ज्वारी काढून झाल्यावर रानात कणसं वेचत फिरणारी माणसं त्यांनी पाहिलेली असतात. म्हणून आता मी दोन टोल्यांची गोष्ट पहिली सांगत नाही. पहिली रूथ. आधी मुलांना कळू दे की देणं म्हणजे दुसऱ्यासाठी शेताचा कोपरा मोकळा ठेवणं, मुद्दाम विसरणं. मग ती विधवा आली की वर्गातलंच कुणीतरी विचारतं, तिच्यासाठी कुणी सरवा ठेवला नव्हता का? त्या सहा वर्षांच्या मुलीचाच प्रश्न, फक्त आता तो योग्य माणसांना विचारलेला.

दुसरी एक विधवा आहे, सारफथची. हे गाव सीदोनच्या मुलखात, आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावर. दुष्काळ पडलाय. बाई वेशीपाशी काटक्या गोळा करतेय. एलीया संदेष्टा तिच्याकडे पाणी मागतो, मग भाकरी. ती म्हणते, मडक्यात मूठभर पीठ आहे आणि कुपीत थोडं तेल. मी आणि माझा मुलगा ते खाणार आणि मग मरणार. एलीया म्हणतो, आधी मला एक लहानशी भाकर करून आण. हे वाक्य वर्गात मोठ्यानं वाचलं की मुलं चमकतात. "हा काय माणूस आहे!" असं एकानं स्पष्टच सांगितलं. पण गोष्टीचा क्रम नीट पाहिला तर लक्षात येतं की भाकर मागतानाच एलीयानं वचनही दिलंय: पाऊस पडेपर्यंत मडक्यातलं पीठ सरणार नाही आणि कुपीतलं तेल आटणार नाही. वचन आधी, भाकर नंतर.

मला त्या मडक्याबद्दल आणखी एक गोष्ट आवडते. ते कधी भरलं असं कुठेच म्हटलेलं नाही. ते फक्त रिकामं झालं नाही. रोज हात घालावा तर मूठभर निघावं, एवढंच. घरात पोती येऊन पडली नाहीत, बाई श्रीमंत झाली नाही. संडेस्कूलच्या रंगीत चित्रांत मात्र मडकं काठोकाठ भरून वाहत असतं. चित्रकाराचा हात सढळ, दुसरं काय.

मूठभर धान्याची ही कल्पना आपल्या देशात एका ठिकाणी खरोखर चालू आहे. मिझोरममध्ये 'बुहफाइ थाम' म्हणजे मूठभर तांदूळ ही प्रथा १९१० साली सुरू झाली. स्वयंपाकाला तांदूळ काढताना घरातली बाई एक मूठ वेगळ्या डब्यात टाकते. ते तांदूळ चर्चकडे गोळा होतात, विकले जातात आणि पैसा चर्चच्या कामाला लागतो. ज्यांच्याजवळ रोकड नव्हती अशा बायकांना देता यावं म्हणून निघालेली ही वाट. आपल्याकडच्या मुष्टिफंडाची आठवण होईलच. मुलांना शिकवायला मला यातला डबा फार उपयोगी वाटतो, कारण अर्पणाच्या थैलीत नाणं टाकलं की ते क्षणात दिसेनासं होतं, डब्यातला तांदूळ मात्र वाढताना दिसतो.

आता नवसाबद्दल. महाराष्ट्रात वाढणाऱ्या कुठल्याही मुलाला, मग ते कुठल्याही घरातलं असो, नवस कळतो. हे दे, मी ते वाहीन. त्यामुळे दान आणि वचन हे धडे लागोपाठ घेतले की मुलांच्या डोक्यात आपोआप सौदा तयार होतो: मी रुपया टाकला, आता देव मला सायकल देईल. मुलांची चूक नाही. कितीतरी मोठ्यांच्या प्रवचनांतही मलाखीच्या तिसऱ्या अध्यायाचा असाच वापर होतो. दशांश आणा म्हणजे आशीर्वादाचा वर्षाव होईल, एवढंच वाक्य उचललं जातं. तिथे मलाखी बोलतोय ते मंदिराच्या कोठाराबद्दल, ज्यात अन्न असावं म्हणून. आणि त्याच अध्यायात, दशांशाच्या थोडंसंच आधी, मजुराची मजुरी अडवणाऱ्यांना आणि विधवा-अनाथांना छळणाऱ्यांना झोडपलेलं आहे. ते वाक्य मात्र कुणी भिंतीवर लावत नाही.

नवसाचा माणूस बायबलमध्येही आहे: याकोब. भावाला फसवून पळालाय, बेथेलला दगड उशाशी घेऊन झोपलाय. स्वप्नात देव त्याला कुठलीही अट न घालता सांगतो की मी तुझ्याबरोबर आहे, तू जाशील तिथे तुला सांभाळीन, परत आणीन. सकाळी उठून याकोब काय करतो? नवस. देव माझ्याबरोबर राहिला, खायला भाकर आणि घालायला वस्त्र दिलं, सुखरूप घरी आणलं, तर मी दशांश देईन. जे फुकट मिळालंय त्याचीच घासाघीस! ही गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगते, कारण तिच्यात ती स्वतःला ओळखतात आणि हसतात. अब्राहामाच्या बाबतीत तर क्रम अध्यायांच्या आकड्यांतच दिसतो. उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात देव त्याला वचन देतो, आणि मलकीसदेक याजकाला तो दशांश देतो ते चौदाव्यात.

'वचन' हा शब्द मराठी मुलांना थोडा गोंधळात टाकतो, आणि तो गोंधळ मला हवासा वाटतो. आमच्याकडे वचन म्हणजे पाठांतराचं शास्त्रवचन, दर रविवारी म्हणून दाखवायचं; आणि वचन म्हणजे दिलेला शब्द. भाषांतरकारांनी दुसऱ्या अर्थासाठी 'अभिवचन' असा वेगळा शब्द वापरला, पण लहान मुलाच्या तोंडी तो बसत नाही. गंमत अशी की हिब्रूतही वचन देण्यासाठी खास वेगळा शब्द नाही. तिथे देव नुसता 'बोलतो'. बोलला म्हणजेच शब्द दिला. ग्रीकमध्ये आल्यावर त्यासाठी स्वतंत्र शब्द मिळाला. म्हणजे "देवाचं वचन म्हणजे ते पाठ करायचं ना?" असं विचारणारा आमचा पोरगा हिब्रूच्या जास्त जवळ आहे.

पण मुलांना खरं जड जातं ते थांबणं. अब्राहाम हारानहून निघाला तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता, इसहाक झाला तेव्हा शंभरचा. पंचवीस वर्षं! सहा वर्षांच्या मुलाला पंचवीस वर्षं म्हणजे काय सांगणार? मी सांगते, तुझ्या मम्मीचं लग्न व्हायच्याही आधीपासून. मध्येच सारा हसते, म्हातारपणी कसलं मूल म्हणून; आणि मुलाचं नाव इसहाक ठेवतात, म्हणजे 'तो हसतो'. धड्यातलं हे नाव मुलं कधीच विसरत नाहीत.

थांबण्याबद्दल रॉचेस्टर विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. सेलेस्ट किड आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली तो प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांची अठ्ठावीस मुलं. आधी चित्रकलेचा खेळ: बाई म्हणतात, थांब, तुला याहून छान रंग आणून देते. निम्म्या मुलांना ते खरोखर आणून दिले. उरलेल्यांना बाई रिकाम्या हातानं येऊन म्हणाल्या, नाहीत गं शिल्लक. असं दोनदा झालं. मग प्रत्येकाच्या पुढ्यात एक मार्शमॅलो ठेवला: मी येईपर्यंत खाल्ला नाहीस तर दोन मिळतील. शब्द पाळणाऱ्या बाईंची मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. शब्द मोडलेल्या बाईंची तीन मिनिटं. पूर्ण पंधरा मिनिटं थांबलेली पहिल्या गटात चौदांपैकी नऊ, दुसऱ्यात एक. आपण ज्याला मुलाचा संयम म्हणतो त्यात समोरच्या मोठ्या माणसाच्या शब्दाचा एवढा वाटा आहे. हे वाचल्यावर मला माझे रविवार आठवले. "पुढच्या वेळी आपण बाहेर जाऊन शिकू", "पुढच्या वेळी चित्रं रंगवू". पुढच्या वेळी खडू संपलेले असायचे.

देण्याबद्दलही असे प्रयोग आहेत. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २०१२ साली दोन वर्षांखालच्या मुलांना खाऊ दिला आणि एका बाहुल्यालाही खाऊ द्यायला लावला. मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद मोजला, तर खाऊ मिळताना होता त्याहून तो देताना जास्त दिसला. आणि दुसऱ्याकडून आणून ठेवलेला खाऊ देण्यापेक्षा स्वतःच्या वाटीतला देताना आणखी जास्त. दुसरीकडे वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी २००८ मध्ये दाखवलं की वीस महिन्यांच्या मुलांना मदतीबद्दल बक्षीस देत गेलं तर बक्षीस थांबल्यावर ती मदत करणं कमी करतात. आमच्याकडे 'सगळ्यांत जास्त अर्पण आणणाऱ्याला स्टार' असा तक्ता होता. मी तो काढला. एका सहकाऱ्याला ते आवडलं नाही. अर्पण कमी होईल असं त्यांचं म्हणणं होतं. दोन रविवार झालंही कमी.

मुलांच्या देण्याला मोबदला नको, पण खूण हवी, हे एका जुन्या मिशनला चांगलं उमगलं होतं. अमेरिकन बोर्ड, म्हणजे ज्यांचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि ज्यांचं काम १८३१ पासून अहमदनगरला (आता अहिल्यानगर) रुजलं, तेच. या बोर्डाला प्रशांत महासागरातल्या बेटांसाठी जहाज हवं होतं. त्यांनी अमेरिकेतल्या शब्बाथशाळांच्या मुलांना दहा-दहा सेंटचे शेअर विकले. प्रत्येक भागीदाराला छापील सर्टिफिकेट. १८५६ मध्ये 'मॉर्निंग स्टार' बांधून झालं आणि बॉस्टनहून निघालं; पुढे त्याच नावाची आणखी जहाजं झाली. लाभांश शून्य. ज्या पोरांनी समुद्रही पाहिला नव्हता त्यांच्या घरी एका जहाजाची मालकी होती. पुढे आपल्याकडे १९०४ पासून पैसा फंड उभा राहिला आणि त्यातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला. त्याचा या जहाजाशी काही संबंध नाही, पण बारक्या नाण्यांतून मोठी वस्तू उभी करायची ती युक्ती ओळखीची वाटते.

वचनांच्या धड्यात नोहाच्या जलप्रलयानंतरचं इंद्रधनुष्य येतंच. त्यात मला मराठीनं एकदा अडकवलं. "टीचर, ते इंद्राचं आहे ना?" मूळ हिब्रूत नुसतं 'धनुष्य' आहे, लढाईत वापरतात ते, मराठी शास्त्रातही फक्त धनुष्य. लढाई संपल्यावर खुंटीला टांगून ठेवावं तसं ढगात टांगलेलं. ते वचनही नोहाबरोबर प्रत्येक प्राण्याला दिलेलं आहे, पाखरांना, गुराढोरांना, रानटी जनावरांना, ज्यांनी कधी कुठल्या थैलीत काही टाकलेलं नाही. मुलांना हे फार आवडतं. "आमच्या कुत्र्याला पण?" हा प्रश्न ठरलेला.

त्या भिंतीला टेकणाऱ्या मुलीला मी मध्यंतरी सांगितलं की त्या बाईनं रात्री काय खाल्लं ते शास्त्रात लिहिलेलं नाही; पण तिला कुणी जेवायला द्यायला हवं होतं ते लिहिलंय. तिनं थोडा विचार केला. मग तिनं मूठ उघडली. घरून दिलेली दोन नाणी होती, घामानं ओली झालेली. एक थैलीत टाकलं, दुसरं परत खिशात. मी काही बोलले नाही.

येत्या रविवारी सारफथची गोष्ट परत आहे. खरं मातीचं मडकं, पीठ आणि तव्यासकट स्टोव्ह आणीन असं मी मुलांना सांगून बसले आहे. मडकं कुंभारवाड्यातून आणलं. स्टोव्हची पिन मिळत नाहीये. शनिवारपर्यंत काहीतरी करायला हवं.